तेल बदललंस का?

माझ्या सायकलचा पुढचा शॉकअप अडकतोय, हे कळायला मला चार महिने लागले. तोपर्यंत मी धरून चाललो होतो की माझंच काहीतरी चुकतंय.

वेताळ टेकडीवरून उतरताना सुट्या दगडांचा एक पट्टा लागतो. जूनपर्यंत मी तिथून आरामात खाली यायचो. मग हळूहळू हात बधिर व्हायला लागले. पुढचं चाक प्रत्येक दगडावर आपटायचं, हँडल थडथडायचं, वळणावर चाक पकड सोडायचं. ऑगस्टमध्ये एकदा पडलो. उजवं मनगट सुजलं आणि आठवडाभर ऑफिसमध्ये डाव्या हातानं टाइप करत बसलो. मित्रांनी सल्ले दिले. कोपर वाकव, हँडल घट्ट धरू नकोस, नजर लांब ठेव. सगळं करून बघितलं, फरक शून्य. शेवटी वाटलं, आपण अठ्ठाविसाव्या वर्षीच म्हातारे झालो.

वस्तू तुटली तर लगेच कळतं. ती रोज थोडी थोडी बिघडत गेली तर आपण तिच्याशी जुळवून घेत राहतो आणि दोष स्वतःच्या नावावर लिहितो.

सप्टेंबरच्या एका रविवारी मित्राची सायकल दोन मिनिटं चालवली आणि डोळे उघडले. तिचं हँडल नुसतं तळव्यानं दाबलं तरी फोर्क खाली जात होता. माझा आधी ढिम्म हलायचा नाही, जोर वाढवत नेला की एकदम धपकन खाली बसायचा.

माउंटन बाइकचा फोर्क आतून फार अवघड नसतो. वरून दोन गुळगुळीत नळ्या येतात, त्या स्टँचन. त्या खालच्या दोन जाड नळ्यांत सरकतात, त्या लोअर्स. माझ्या फोर्कच्या डाव्या पायात हवेची स्प्रिंग आहे आणि उजव्या पायात तेलाचा डॅम्पर. स्प्रिंग धक्का झेलते आणि ती भसकन उसळू नये हे डॅम्पर बघतो. याशिवाय लोअर्सच्या तळाशी थोडं सुटं तेल असतं, प्रत्येक बाजूला जेमतेम दोन चमचे. त्याचं काम एकच, नळ्या आणि आतले बुश ओले ठेवणं. वरच्या सीलखाली स्पंजासारखी फोमची रिंग असते, तीही या तेलात भिजलेली असावी लागते.

हे सगळं मला नंतर कळलं. सुरुवात मी चुकीच्या टोकाकडून केली. शॉक पंपानं हवा ८५ पीएसआयवरून ७० वर आणली. दोन राइड बरं वाटलं, पण ब्रेक दाबला की सायकल नाकावर पडायला लागली. मग घरातला गंज सोडवायचा स्प्रे स्टँचनवर मारला. दोन दिवस फोर्क लोण्यासारखा चालला आणि तिसऱ्या दिवशी पहिल्यापेक्षा वाईट, कारण सीलमध्ये होतं नव्हतं ते ग्रीस स्प्रेनं धुऊन नेलं होतं. सर्व्हर हळू चालला की नुसता टाइमआऊट वाढवणाऱ्यांना मी ऑफिसात नावं ठेवतो. इथं मी दुसरं काय केलं होतं?

मग नीट मोजायचं ठरवलं. सायकलवर बसल्यावर फक्त आपल्या वजनानं फोर्क जितका खाली जातो, त्याला सॅग म्हणतात. माझा फोर्क १२० मिलिमीटरचा. त्याच्या वीस टक्के, म्हणजे २४ मिलिमीटरच्या आसपास सॅग हवा होता. हवा परत ८५ केली आणि रूममेटला पट्टी घेऊन खाली बसवलं. मी हळूच बसलो तर सॅग ११. मग फोर्क खोल दाबला आणि हळूहळू वर येऊ दिला, तर तो ३१ वर येऊन थांबला. तोच माणूस, तीच हवा, उत्तरं दोन. मधलं २० मिलिमीटरचं अंतर म्हणजे निव्वळ घर्षण.

मी पदवीनं मेकॅनिकल इंजिनिअर आहे. थांबलेली वस्तू हलवायला जास्त जोर लागतो आणि एकदा हलली की कमी, हे मी पहिल्या वर्षी पेपरात लिहून मार्क मिळवलेत. पण ते हाताला कधी लागलं नव्हतं. विजेच्या धड्यात भेटतो तो कूलोम याच विषयावर काम करत होता. १७८१ साली त्याला घर्षणावरच्या निबंधासाठी पॅरिसच्या विज्ञान अकादमीचं पारितोषिक मिळालं. त्याच्या प्रयोगांत आणखी एक गोष्ट दिसली होती. लाकडावर लाकूड जितका जास्त वेळ पडून राहतं, तितका त्याला हलवायचा पहिला जोर वाढत जातो.

याच सुमारास पप्पा पुण्याला आले. मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं.

पप्पांनी बत्तीस वर्षं एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये काढली, बहुतेक सगळी कराडला. मी मेकॅनिकलला ॲडमिशन घेतली तेव्हा त्यांनी डेपोत पेढे वाटले होते. चौथ्या वर्षी कॅम्पसला सॉफ्टवेअर कंपनी आली, मी पास झालो आणि ती नोकरी घेतली. आमच्या बॅचमधल्या अर्ध्याहून जास्त मुलांनी तेच केलं. पप्पा फोनवर फक्त “बरं झालं” म्हणाले. त्यानंतरची सहा वर्षं आमचं बोलणं “जेवलास का” आणि “तिकडं पाऊस आहे का” यापुढं गेलं नाही. ते नाराज आहेत, असं मी मनात पक्कं करून टाकलं होतं. विचारलं मात्र कधीच नाही.

ऑपरेशन नीट झालं. वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, डोळ्याला धूळ आणि पाणी लागू द्यायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. दिवसातून चार वेळा मी त्यांच्या डोळ्यात थेंब घालायचो. त्यांची हनुवटी धरून डोकं मागं करताना दोघांनाही अवघडल्यासारखं व्हायचं.

दुकानात फोर्क दिला असता तर तीन आठवडे लागणार होते. म्हणून शनिवारी सकाळी बाल्कनीत वर्तमानपत्र पसरून मीच बसलो. ॲलन की, रबरी हातोडी, जुनी बनियन, मेडिकलमधून आणलेली सिरिंज आणि मोबाईलवर त्या फोर्कची पीडीएफ. पप्पा काळा गॉगल लावून खुर्चीत होते. हात मांडीवर ठेवलेले.

मी चाक काढायला वाकलो तेवढ्यात ते म्हणाले, “थांब. ते काढू नको. आधी नुसता एक्सल सैल करून दाबून बघ की.”

सैल केला आणि दाबला. थोडासा, पण नक्की फरक पडला.

“किती आवळलं होतंस ते? दोन्ही पाय आत ओढले गेलेत. बुश चेपला की नळी सरकंल कशी?”

पीडीएफमध्ये हे शेवटून दुसऱ्या पानावर होतं. पप्पांनी ते न बघता सांगितलं.

पण तेवढ्यानं भागलं नाही. फोर्क अजूनही अडकत होता, म्हणजे कारण एकच नव्हतं. चाक काढलं, पंप लावून सध्याची हवा लिहून ठेवली आणि सगळी हवा सोडली. पप्पांनी तरीही विचारलंच, “हवा सोडलीस ना? दाबातली वस्तू उघडायची नाही.” हवा नसतानाही फोर्क तसाच चिकट, म्हणजे हवेचा दाब सुटला संशयातून. खालचे दोन बोल्ट तीन-चार आटे सैल केले, हातोडीनं हलके ठोके दिले, मग बोल्ट पूर्ण काढून खाली स्टीलचं भांडं धरलं.

डाव्या पायातून अर्धा चमचा करडं पाणीदार काहीतरी आलं. उजव्यातून काहीच नाही.

लोअर्स ओढून बाजूला केल्यावर आतले दांडे हातानं वरखाली करून बघितले. डॅम्परचा दांडा सारख्या जोरानं सरकत होता, हवेच्या बाजूचा अलगद. म्हणजे दोन्ही निर्दोष. दोष होता तो कोरड्या लोअर्समध्ये. फोमच्या रिंगा बाहेर काढल्या तर काळ्या आणि कडक, वाळलेल्या चिखलासारख्या.

“पाणी कसं गेलं यात?” पप्पांनी विचारलं.

मला उत्तर माहीत होतं. पावसाळाभर दर रविवारी मी चिखलानं भरलेली सायकल गाड्या धुण्याच्या सेंटरवर न्यायचो आणि प्रेशरच्या पाइपनं धुवून घ्यायचो. पाण्याचा फवारा थेट सीलवर. सायकल चकचकीत दिसायची आणि आत पाणी जायचं. त्यात पन्नास तास चालवल्यावर हे तेल बदलायचं असतं. मी दीड वर्ष बदललं नव्हतं.

आता एकच भीती होती. स्टँचनवर ओरखडा असेल तर नवीन फोर्कच घ्यावा लागला असता आणि तेवढे पैसे माझ्याकडे नव्हते. मी नख लावून नळी तपासली, पण मनगटाच्या दुखण्यामुळं खात्री वाटेना.

“इकडं आण.”

फोर्कचा वरचा भाग त्यांच्यासमोर धरला. त्यांनी गॉगलमागं डोळे मिटले आणि अंगठ्याचं नख वरपासून खालपर्यंत सावकाश फिरवलं. मग दुसऱ्या बाजूनं. मग दुसरी नळी.

“कुठं अडकत नाही. चांगली आहे.”

पुढचं काम सोपं होतं. लोअर्स आतून बनियनच्या कापडानं आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसले. रिंगा धुऊन नव्या तेलात भिजवल्या, सीलच्या आतल्या कडेला ग्रीस लावलं. पप्पा म्हणाले, “मोबिल टाकलं तरी चालंल.” मी म्हणालो, “नको पप्पा, यात लिहिलंय तेच घालू.” ते हसले. “बरं. इंजिनिअर तू आहेस.”

लोअर्स अर्धे चढवले, खालच्या भोकातून सिरिंजनं मोजून तेल घातलं, बोल्ट लावले. मित्राचा टॉर्क रेंच आणला होता. ठरलेला जोर लागला की त्याचा कट्‌ आवाज येतो. पप्पांनी तो आवाज दुसऱ्या बोल्टाच्या वेळी लक्ष देऊन ऐकला. “आमच्याकडं हे काम मनगट सांगायचं,” म्हणाले.

हवा भरली, चाक लावलं, एक्सल या वेळी बेतानं आवळला. पप्पा उठले, हँडलवर दोन बोटं ठेवली आणि नुसतं टेकल्यासारखं केलं. फोर्क खाली गेला. बोटं उचलली, वर आला.

माझे हात कोपरापर्यंत काळे झाले होते. त्यांच्याकडं बघत मी एकदाचं बोललो, “तुम्हाला मी याच कामात यायला हवा होतो ना?”

ते जरा वेळ गप्प राहिले. “मला कशाला? तुझी पाठ माझ्यासारखी व्हायला हवी होती का?”

“मग कधी काही विचारत का नाही?”

“तुझ्या कामातलं काय विचारायचं तेच मला कळत नाही रे. हे कळतं.”

सहा वर्षं मी ज्याला नाराजी समजत होतो, ते एवढंच होतं. मला पुढं काय बोलावं सुचलं नाही. थेंबांची वेळ झाली होती, पण माझे हात ग्रीसनं भरलेले होते. साबणानं तीनदा धुतले, तरी नखांत काळं राहिलंच. पप्पा म्हणाले, “ते दोन दिवस राहतं.”

रात्री सायकल उलटी करून ठेवली, म्हणजे तेल रिंगांपर्यंत उतरतं. सकाळी रूममेटनं पुन्हा पट्टी धरली. हळूच बसलो तर २२, दाबून सोडला तर २६. दोन उत्तरं आता चार मिलिमीटरवर आली होती. मी पप्पांना आकडे सांगितले. आधीचे किती होते, हे त्यांनी विचारून घेतलं आणि मनातल्या मनात वजाबाकी केली.

आठवड्यानं ते कराडला गेले. सायकल मी आता बादलीभर पाण्यानं आणि स्पंजानं धुतो. टेकडीवरच्या त्या पट्ट्यावर हात बधिर होत नाहीत. वळण अजूनही कधीकधी चुकतं, पण तेव्हा चूक खरंच माझी असते.

पन्नास तास झाले की मी लोअर्स उघडतो, जुनं तेल त्याच स्टीलच्या भांड्यात काढतो आणि त्याचा फोटो पप्पांना पाठवतो. फोटो पाठवायला उशीर झाला तर त्यांचाच फोन येतो. “तेल बदललंस का?” हा पहिला प्रश्न. जेवणाचं नंतर विचारतात.