भोपळा

माणसानं लेकीकडे राहायला जरूर जावं, पण ऑक्टोबरात अमेरिकेत जाऊ नये. गेलाच, तर तिथे पाच वर्षांची नात नसावी. असलीच, तर तिला परीकथांचं वेड नसावं. आमच्या पत्रिकेत हे तिन्ही योग एकदम जुळून आले.

न्यू जर्सीतल्या एडिसनला लेकीच्या घरी आम्ही उभयता जूनमध्ये उतरलो. सप्टेंबर संपता संपता दुकानांतून भुतं लटकायला लागली. ३१ ऑक्टोबरला हॅलोवीन. त्या संध्याकाळी पोरं नाना सोंगं घेऊन दारोदार हिंडतात आणि गोळ्या-चॉकलेटं मागतात. शिमग्याची सोंगं आणि भोंडल्याची खिरापत एका दिवशी उरकावी, तसला प्रकार. 'अनोळखी माणसाकडून काही घ्यायचं नाही' असं वर्षभर बजावणारी आईच त्या दिवशी पोरीच्या हातात पिशवी देते.

प्रश्न एवढाच, की आमच्या नातीनं सोंग कुणाचं घ्यायचं?

सोमवारी ती सिंड्रेला होती. मंगळवारी शंका निघाली, "आजोबा, काचेचा बूट फुटला तर?" पेरो नावाच्या फ्रेंच लेखकानं १६९७ साली तो बूट छापला आणि तीनशेहून अधिक वर्षांत तो फुटलेला नाही, असा मी हवाला दिला. "पण त्यांनी तो घालून पळून बघितलं का?" सिंड्रेला बाद.

मग लाल टोपीवाली मुलगी. इथे माझी विद्वत्ता नडली. पेरोच्या पुस्तकात लांडगा त्या मुलीला खातो आणि गोष्ट संपते. तिला पोटातून बाहेर काढणारा शिकारी ग्रिम बंधूंच्या पुस्तकात १८१२ साली आला, हे मी जेवताना सांगून बसलो. नातीनं घास खाली ठेवला. लेकीनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती लांडग्याचीच होती.

बुधवारी नात स्वतःच लांडगा व्हायला निघाली, तर शाळेची चिठ्ठी आली : भीतीदायक मुखवटे नकोत. गुरुवारी परी. पण पंखांवरून थंडीचा कोट कसा चढवायचा? आणि कोटाखाली पंख असले काय नि नसले काय! "बाबा, आता तुम्हीच काय ते ठरवा," म्हणून लेकीनं हात टेकले.

रविवारी घरात भोपळा आला. त्याला नाक-डोळे कोरून आत दिवा ठेवायचा असतो. जावईबापूंनी गर काढून कचऱ्यात टाकायला घेतला मात्र, आमची ही ओरडली, "अहो, घारगे होतील!" सिंड्रेलाच्या गोष्टीतही परी आधी भोपळ्याचा गर काढते आणि मग त्याची बग्गी करते, हे ऐकल्यावर हिचा पहिला प्रश्न, "त्या गराचं काय केलं मग?" कोरायचे ते भोपळे पाणचट असतात. घारगे काही जमले नाहीत. ते मी एकट्यानं संपवले.

पण त्या निमित्तानं हिनं नातीला आपली भोपळ्यातल्या म्हातारीची गोष्ट सांगितली. लेकीकडे जाऊन तूप-रोटी खाऊन गलेलठ्ठ झालेली म्हातारी, वाटेत टपलेला वाघ, आणि लेकीनं तिला भोपळ्यात बसवून केलेली घरी रवानगी. नात डोळे विस्फारून ऐकत होती.

"आजी, भोपळा हललाच नाही तर?"

"मग काय! म्हातारी राहील लेकीकडेच."

दुसऱ्या दिवशी सकाळी निकाल जाहीर झाला : "मी भोपळा होणार."

लेकीला हायसं वाटलं. भोपळ्याचा पोशाख प्रत्येक दुकानात मिळतो, आतून स्वेटर घालायला जागा असते आणि शाळेचीही हरकत नसते. इतक्या परीकथा घोळवून पोरगी शेवटी भाजीवर आली, असं मला वाटलं.

३१ तारखेला अंधार पडता पडता आम्ही निघालो. दोन चेटकिणी, एक अंतराळवीर, कोट घातलेल्या असंख्य राजकन्या आणि आमचा भोपळा. दारोदार त्याचं कौतुक झालं. दहाव्या घरी भोपळ्याचे पाय दुखायला लागले. मी त्याला खांद्यावर घेतलं.

अर्ध्या वाटेत कानाशी झोपाळू आवाज आला, "आजोबा, हा भोपळा हलणार नाही हं."

"बरं, नको हलू. मी नेतो की घरी."

"तसं नाही. १० तारखेलापण नाही हलणार."

आमची परतीची तिकिटं १० नोव्हेंबरची होती. लेकीनं फ्रिजवरच्या कॅलेंडरात त्या तारखेभोवती लाल गोल काढून ठेवला होता. घरात वाचता येणारं माणूस एकानं वाढलंय, हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

मी हिच्याकडे पाहिलं. ही पदरानं चष्मा पुसत होती. गोष्टीत भोपळा म्हातारीला घरी नेतो. इथे म्हातारा भोपळ्याला खांद्यावर घेऊन चालला होता, आणि पाऊल काही केल्या भरभर उचलत नव्हतं.