गाणें संपेपर्यंत

गिरगांवांतील चाळींत, दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत राहून ज्याला गाण्याच्या यंत्रांचा नाद लागला, त्याच्या घरच्या माणसांची मला नेहमीं कींव येते. कारण असा एक मनुष्य आमच्याच घरांत आहे, आणि तो मीच आहें.

माझ्याजवळ लाखेच्या तीस-चाळीस जुन्या तबकड्या आहेत. बहुतेक अण्णांनीं, म्हणजे माझ्या वडिलांनीं जमविलेल्या. कांहीं मीं चोरबाजारांतील मटन स्ट्रीटवर घासाघीस करून आणलेल्या. त्यांत अब्दुल करीम खांसाहेब आहेत, हिराबाई बडोदेकर आहेत, केसरबाई केरकर आहेत. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या या तबकडीच्या एका बाजूला गाणें जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचें. पण तेवढ्यासाठीं मीं काय केलें नाहीं! तिची खांच पुढें आलेल्या लाँग प्लेच्या खांचेहून पुष्कळ रुंद. बारीक सुई तिच्या तळाशीं लोळते आणि खरखर वेंचून आणते. म्हणून निराळी सुई आली. सुईला साजेसा ॲम्प्लिफायर आला, आणि त्याची अब्रू राखण्यासाठीं मोठे स्पीकर आले. लॅमिंग्टन रोडचें नांव भडकमकर मार्ग झालें, पण माझी शनिवारची वारी चुकली नाहीं.

मौज अशी कीं, यंत्र जसजसें सुधारत गेलें, तसतशी मला खरखरच अधिक स्पष्ट ऐकूं येऊं लागली. खांसाहेब १९३७ सालीं वारले. त्या काळच्या मायक्रोफोननें जेवढें टिपलें, तेवढेंच लाखेवर उतरलें. त्याहून अधिक कोणत्याही स्पीकरला तिच्यांतून काढतां यावयाचें नाहीं. हें मला ठाऊक होतें. पण ठाऊक असणें निराळें आणि पटणें निराळें.

अण्णा रोज संध्याकाळीं खुर्ची ओढून ऐकावयास बसत. सूर लागला न लागला तोंच मी सुई उचलीत असें, स्पीकर चार बोटें सरकवीत असें आणि पुन्हा पहिल्यापासून आरंभ करीत असें. ‘अरे, एकदां पुरतें होऊं दे रे,’ एवढेंच ते म्हणत. ‘थोडें राहिलें आहे, अण्णा,’ असें माझें उत्तर. त्या थोड्यांत सात वर्षें गेलीं.

गेल्या पावसाळ्यांत यंत्र माझ्या मनासारखें जुळलें. मीं हिराबाईंची तबकडी लावली आणि मोठ्या अभिमानानें अण्णांकडे पाहिलें. ते माझ्या तोंडाकडे पाहत होते. ‘लावलीस का?’ त्यांनीं विचारलें.

म्हातारपणीं कान एकाएकीं जात नाहींत; आधीं वरचे सूर जातात. ते जात होते तेव्हां मी सुया बदलीत होतों. पुढें अण्णांना कानाचें यंत्र आणलें. बोलणें समजतें, पण गाणें त्यांतून पत्र्यावर वाजल्यासारखें येतें, असें ते म्हणतात.

१९७७ सालीं अमेरिकेनें व्हॉयेजर नांवाचीं दोन यानें अवकाशांत सोडलीं. प्रत्येकावर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एक तबकडी आहे आणि तींत केसरबाईंची भैरवी आहे. तीही साडेतीन मिनिटांचीच. सोबत सुई दिली आहे, ती कशी लावावी याच्या आकृती आवरणावर कोरल्या आहेत. स्पीकर मात्र दिलेला नाहीं. ऐकणारा कोण, त्याला कान तरी असतील कीं नाहीं, हें कोणास सांगतां येणार? पाठविणाऱ्यांनीं आपल्याकडून गाणें पुरतें दिलें, एवढेंच.

आतां अण्णा खुर्ची स्पीकरला लावून बसतात आणि त्याच्या लाकडी पेटीवर तळहात ठेवतात. ठेका हाताला कळतो. समेला त्यांचें बोट बरोबर उचलतें. शेजारीं कुकरची शिटी होते, खालीं रस्त्यावर मोटारी ओरडतात. लॅमिंग्टन रोडला गेल्याला आठ महिने झाले. डाव्या स्पीकरांत हल्लीं किंचित् गुरगुर आहे. ती मला ऐकूं येते. पण तबकडी संपेपर्यंत मी जागचा उठत नाहीं.