घोड्याची किंमत किती?

घोड्याशी आमचा संबंध आजवर दुसऱ्यांच्या वरातीपुरता. आमच्या लग्नात तोही नव्हता, कारण भाडे परवडले नाही. त्यामुळे या विषयावर आम्ही लिहावे याचे आमचे आम्हालाच हसू येते.

झाले असे. 26 सप्टेंबर 2023 रोजी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुदिप्ती हजेला, दिव्यकृती सिंग, हृदय छेडा आणि अनुष अगरवाल्ला यांनी भारताला ड्रेसेजचे सांघिक सुवर्णपदक मिळवून दिले. अश्वारोहणात 1982 नंतर सुवर्ण आले ते असे. टीव्हीवर ते पाहून आमच्या मुलीने विचारले, "बाबा, असा घोडा घ्यायला किती पैसे लागतात?" आम्ही मोठ्याने हसलो. ती गप्प उठून आत गेली.

त्या रात्री झोप लागली नाही. मुलांना प्रश्न विचारू द्या, असे सभेत आम्हीच सांगतो आणि घरात पोरीचा प्रश्न हसून मारून टाकतो! दुसऱ्या दिवसापासून उत्तर शोधायला लागलो.

ड्रेसेज म्हणजे शर्यत नव्हे. 60 मीटर लांब, 20 मीटर रुंद मैदानात घोडा ठरलेल्या चाली करतो. कधी जागच्या जागी दुडकी, कधी आडवा सरकत. स्वार इशारा करतो, पण बघणाऱ्याला तो दिसता कामा नये. प्रत्येक चालीला पंच दहापैकी गुण देतात.

असा घोडा घेताना डॉक्टर त्याचा पाय दुमडून थोडा वेळ धरतो, मग लगेच पळवून लंगडतो का पाहतो. एक्स-रे काढतात. दुखणे लपवायला औषध दिले असेल म्हणून रक्ताचा नमुनाही ठेवतात. आमच्या ऑफिसात कपाट घेताना इतकी चौकशी झाली असती तर बरे झाले असते.

आता किंमत. हॉलंडच्या टोटिलास या काळ्या घोड्याने एडवर्ड गालच्या हाताखाली विक्रम केले. 2010 साली तो जर्मनीला विकला गेला, सुमारे एक कोटी युरोंना असे वृत्तपत्रांत आले. स्वार बदलला. पूर्वीचे यश काही परत आले नाही, दुखापतीही झाल्या आणि 2015 मध्ये तो निवृत्त झाला. उलट इंग्लंडच्या कार्ल हेस्टरने वालेग्रो हे शिंगरू 4,000 युरोंच्या आसपास घेतले, असे सांगतात. त्याच्या तबेल्यात काम करत शिकायला आलेली शार्लट दुजार्दिन त्यावर बसू लागली. 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये दोघांनी दोन सुवर्णपदके जिंकली. त्यानंतर घोडा विकायचा बेत होता, पण विकला नाही. 2016 मध्ये रिओत पुन्हा सुवर्ण!

तबेल्यात राबणारी मुलगी ऑलिंपिकला गेली, हे आम्ही मुलीला मोठ्या अभिमानाने सांगितले. पुढचे सांगावे की नाही, याचा दोन दिवस विचार केला. शेवटी सांगितलेच. 2024 मध्ये पॅरिस ऑलिंपिकच्या तोंडावर शार्लटची जुनी चित्रफीत बाहेर आली. शिकवताना ती एका घोड्याच्या पायांवर लांब चाबकाने पुन्हा पुन्हा मारत होती. तिने चूक मान्य करून माघार घेतली. पुढे एक वर्षाची बंदीही आली.

मुलगी बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "ती स्वतः तबेल्यातून आली होती ना?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. विषय बदलावा म्हणून आम्ही कागदावर युरोंचे रुपये करू लागलो. तिने कागद ओढून घेतला.

"बाबा, ही नुसती खरेदी झाली. दरमहाचा खर्च कुठे आहे?"

आम्ही बी.कॉम., पंचवीस वर्षांचे कारकून, आणि चालू खर्च विसरलो! दाणा-वैरण, नालबंद, डॉक्टर, तबेल्याचे भाडे असे एकेक आम्ही सांगत गेलो, ती लिहीत गेली.

मध्येच थांबून तिने वर थोडी जागा मोकळी असल्याचे पाहिले आणि तिथे पहिल्या नंबरावर लिहिले : मोतद्दाराचा पगार.