म्हातारपण कुठून सुरू होते?

माझ्या पुतणीला पदवीसाठी जन्मापासून वार्धक्यापर्यंतच्या आरोग्याचा अभ्यास करायचा आहे. आमच्या कुंडलच्या घरात या निर्णयाचे स्वागत एकाच वाक्याने झाले : "म्हातारी माणसं सांभाळायला पदवी कशाला लागते?" वाक्य माझ्या थोरल्या भावाचे. त्यात तिरकसपणा नव्हता. आईचे शेवटचे दुखणे त्याने आणि वहिनीने कुठल्याही पदवीशिवाय निभावले होते.

मी साहित्य शिकवतो. त्यामुळे हे वाक्य मला ओळखीचे वाटले. 'नटसम्राट' (१९७०) घ्या किंवा जयवंत दळवींचे 'संध्याछाया' घ्या; पडदा वर जातो तेव्हा माणसे म्हातारी झालेलीच असतात. प्रश्न उरतो तो मुलांच्या वागण्याचा. वार्धक्य हा आपल्याकडे प्राधान्याने नीतीचा विषय आहे. त्या देहाला मागचे आयुष्य आहे, हे आपण क्वचितच विचारात घेतो.

पुतणीचा विषय नेमका तिथून सुरू होतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील गरोदर स्त्रियांचा आहार, श्रम आणि पुढे त्यांच्या मुलांची वाढ यांचा मागोवा घेतला. तिथली बाळे सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली ३.५ किलोची. पण हाडे-स्नायू जितके कमी भरले, तितकी चरबी कमी भरली नाही. बारीक दिसणाऱ्या त्या बाळात पुढच्या मधुमेहाची शक्यता आधीच दडलेली होती. पन्नाशीत कळणाऱ्या दुखण्याचे पहिले प्रकरण आईच्या पोटात लिहिले जाते, असे म्हणता येईल.

कुंडलला हे दूरचे वाटू नये. कॅप्टन भाऊ, म्हणजे रामचंद्र श्रीपती लाड, आमच्याच गावचे. प्रतिसरकारच्या तुफान सेनेचे नेते. १९४३ साली शेणोलीला रेल्वेवर घातलेल्या छाप्यात पुढे होते. नव्वदी ओलांडल्यावरही ते त्या आठवणी सांगत; २०२२ साली ते गेले. त्याच गावाच्या शिवारात साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला की बाहेरून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांची पाहणी २०१९ साली शासकीय समितीने केली, तेव्हा तेरा हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. त्यांतील कित्येक चाळिशीच्या आतल्या. सोबत अंडाशयेही काढली गेली, तर रजोनिवृत्ती तत्काळ येते आणि हाडे लवकर ठिसूळ होतात. डोक्यावर मोळी वाहणाऱ्या बाईचे म्हातारपण अशा वेळी तिच्या जन्मतारखेवरून कसे मोजायचे?

भावाला मी हे सांगितले. तो बराच वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "आईचे गुडघे तिशीतच गेले होते. भांगलणीला कोण बसवायचं तिला, आठवतं का?" आईच्या दुखण्याविषयी इतक्या वर्षांत आम्ही दोघे पुष्कळ बोललो, पण ते सारे तिच्या अखेरच्या दोन वर्षांविषयी. तिशीतल्या आईविषयी आम्ही पहिल्यांदाच बोलत होतो.

नोकरीची त्याची काळजी रास्त आहे आणि ती मिटलेली नाही. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये वार्धक्याची देशव्यापी पाहणी केली, तेव्हा ७२ हजारांहून अधिक माणसांशी घरोघरी जाऊन बोलावे लागले. बोलते करणे, ऐकणे आणि सांगितलेल्यातून न सांगितलेले ओळखणे : हे काम साहित्याच्या विद्यार्थ्याला परके नसावे. पुतणीने प्रश्न विचारायला सुरुवात केली आहे. पहिला प्रश्न तिने वहिनीला विचारला : "तुझं काय दुखतं, आणि कधीपासून?"