वजा ०.६६
परराष्ट्र सेवेसाठी वेगळी परीक्षा नसते. आयएएस-आयपीएसला जी यूपीएससीची नागरी सेवा परीक्षा, तीच. अर्जात पसंतीक्रम भरायचा. माझी पहिली पसंती आयएफएस, असं ऑफिसात सांगितलं की लोक विचारतात, "म्हणजे फॉरेस्ट?"

दर रविवारी सकाळी साडेनऊला मी सराव परीक्षेला बसते. शंभर प्रश्न, दोन तास. बरोबर उत्तराला २ गुण, चुकलं तर ०.६६ वजा. इंजिनिअरच्या खोडीने पहिल्याच आठवड्यात गणित मांडलं. चारांपैकी कुठलाही पर्याय डोळे मिटून निवडला तर सरासरी हाती येतं शून्य. एक पर्याय बाद करता आला तर ०.२२, दोन बाद झाले तर ०.६७. म्हणजे अर्धवट माहितीलाही भाव आहे. फक्त ती किती अर्धवट आहे, हे स्वतःला नेमकं ठाऊक हवं. म्हणून मी प्रत्येक उत्तरापुढे नोंद ठेवते: पक्कं, दोघांतलं एक, अंदाज. पेपर तपासताना गुणांआधी मी हा रकाना बघते.

सी. बी. मुथम्मा मला भेटल्या त्या अशाच एका प्रश्नाच्या स्पष्टीकरणात. १९४९ साली परराष्ट्र सेवेत आलेल्या पहिल्या महिला अधिकारी. त्या काळच्या नियमांनुसार या सेवेतल्या स्त्रीला लग्नाआधी सरकारची लेखी परवानगी घ्यावी लागे, आणि संसार कामाच्या आड येईल असं सरकारला वाटलं तर लग्नानंतर राजीनामाही मागता येई. पुरुषांना असली अट नव्हती. बढती नाकारली गेली तेव्हा मुथम्मा सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १९७९ साली न्या. कृष्ण अय्यर यांनी या नियमांवर कडक ताशेरे ओढले, पण याचिका फेटाळली. कारण तोवर त्यांना बढती मिळाली होती.

आता चार पर्यायांत सांगा, खटला कोण जिंकलं?

आमच्या घरी आईचा प्रश्न असतो, "लग्नाचं काय ठरवलंयस?" बाबा तेवढ्यात पेपर वर धरतात. मी अठ्ठावीसची आहे. खुल्या गटाला वयोमर्यादा ३२, संधी सहा. नोकरी चालू ठेवली तर अभ्यासाला पहाट आणि शनिवार-रविवार उरतात. सोडली तर फ्लॅटचा हप्ता उरतो. नियम बदलले, परवानगी आता कुणाची लागत नाही. तरी आईला वाटतं, एक ठरल्याशिवाय दुसरं ठरवू नये. तिची काळजी खोटी नाही. दर तीन-एक वर्षांनी देश बदलणाऱ्या बाईबरोबर घर उचलून कोण येणार, याचं उत्तर माझ्याकडेही नाही. हा प्रश्न माझ्या तिन्ही रकान्यांत बसत नाही, आणि कोरा सोडला तरी वर्षं वजा होतातच. म्हणून येत्या अर्जात पसंतीक्रम मी ठरवला तसाच भरणार आहे.

हल्ली रात्री मुख्य परीक्षेच्या उत्तरांचा सराव करते. मराठीतून, हाताने, दहा गुणांना दीडशे शब्द. परवा मुथम्मांवर लिहिलं. पहिलं वाक्य होतं, 'याचिका फेटाळली गेली.' उरलेली सगळी जागा 'पण'ने सुरू होणाऱ्या वाक्यांना लागली.