माझं शटलिंग

गोष्ट एका फोनमुळे सुरू झाली. शनिवारची दुपार, परभणीतलं आमचं घर, पंखा फुल स्पीडवर, आणि मी पाय पसरून पुण्यातल्या मैत्रिणीशी गप्पा मारत बसलेले. तिने विचारलं, काय चाललंय? म्हटलं, "काय चालणार? नुसतं शटलिंग चाललंय यार. पंधरा दिवस झाले की बॅग भर, संगमवाडीहून ट्रॅव्हल्स पकड, सकाळी परभणी, रविवारी रात्री परत पुणे. ना धड इथली, ना धड तिथली." मग पुढे आमचं नेहमीचं. कुणाचं ब्रेकअप, कुणाचं प्रमोशन, कुठे सेल लागलाय.

आतल्या खोलीत अण्णा पेपर वाचत होते. संध्याकाळी चहा पिताना ते अगदी सहज म्हणाले, "पंधरा दिवसाला येत नको जाऊस माय. महिन्या-दोन महिन्याला आलीस तरी चालतंय. मी काय, करून खायलोच की. उगं तुझं शटल होऊ लागलंय."

झालं! बिस्कीट चहात पडलं आणि मी कपाकडे बघत बसले.

आई जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हापासून हे पुणे-परभणी सुरू आहे. मला कुणी सांगितलेलं नाही, मीच ठरवलं. फ्रीलान्स पत्रकारितेचा हाच काय तो फायदा, बॉसकडे रजा मागावी लागत नाही. (पैसेही वेळेवर मागावे लागत नाहीत, कारण ते वेळेवर येतच नाहीत. असो.) पण शब्दांवर पोट भरणाऱ्या बाईने आपल्याच बापाला ऐकू जाईल असा शब्द वापरावा? सॉरी म्हणायचं होतं. आमच्या घरात बापाला सॉरी म्हणायची पद्धत नाही, त्यामुळे तोंड उघडेना. मग मास कम्युनिकेशनवाले जे करतात तेच मी केलं. विषय 'रिसर्च' करायला घेतला.

तसं बघितलं तर हे शटल आपल्या सगळ्यांच्याच आयुष्यात घुसलेलं आहे. स्टेशनपासून आयटी पार्कपर्यंत नेऊन सोडणारी ऑफिसची बस म्हणजे शटल. दोनच स्टेशनांमध्ये दिवसभर मागे-पुढे करणारी गाडी म्हणजे शटल. सोसायटीच्या कोर्टवर आपण ज्याला प्रेमाने 'फूल' म्हणतो तेही शटल, आणि पुणेकरांनी इथे कॉलर ताठ करायला हरकत नाही. कारण १८७०च्या दशकात इथल्या छावणीतले इंग्रज साहेब जो खेळ खेळायचे त्याला ते चक्क 'पूना' म्हणत, त्याचंच पुढे बॅडमिंटन झालं. १९७४ मध्ये अमेरिकेचे हेन्री किसिंजर इस्रायल आणि अरब देशांच्या राजधान्यांमध्ये विमानाने येरझाऱ्या घालत होते, त्याला पत्रकारांनी नाव दिलं शटल डिप्लोमसी. आणि स्पेस शटल तर आहेच. १९८१ ते २०११ अशी तीस वर्षं ही यानं वर जाऊन परत येत राहिली. १ फेब्रुवारी २००३ ला कोलंबिया मात्र परत आलं नाही. कल्पना चावला त्यात होती. तेव्हा मी जेमतेम शाळेत जायला लागले होते, पण आईने टीव्हीचा आवाज बारीक केलेला अजून आठवतो.

हे सगळं मी रात्री जेवताना अण्णांना ऐकवलं. म्हणजे 'शटल' हा काही वाईट शब्द नाही, असं आडून सांगायचा माझा प्रयत्न. त्यांनी भाकरी मोडली आणि म्हणाले, "ते समदं खरंय. पण शटल म्हणजे धोटा की."

"काय?"

"धोटा. तुझ्या आजोबाच्या मागाचा. माळ्यावर पडलाय बघ."

आता इथे थोडं घराण्याबद्दल सांगायला हवं. आजोबा विणकर होते. गावाकडे त्यांचा हातमाग होता, लुगडी आणि धोतरं विणायचे. मी जन्मायच्या खूप आधीच तो बंद पडला. गिरणीच्या आणि पॉवरलूमच्या स्वस्त कापडापुढे टिकला नाही, एवढं एका वाक्यात सांगून अण्णा नेहमी विषय संपवायचे. पुढे ते स्वतः सेलूच्या एका जिनिंगमध्ये दिवाणजी म्हणून लागले आणि रिटायर होईपर्यंत परभणी-सेलू, सेलू-परभणी करत राहिले. सकाळची पॅसेंजर, पेडगाव, मानवत रोड, सेलू. संध्याकाळी तेच उलट. त्याला आमच्याकडे शटल म्हणत नाहीत, 'अपडाऊन' म्हणतात. मराठवाड्यात निम्मे मास्तर आणि कारकून अपडाऊन करतात आणि त्याबद्दल कुणी मैत्रिणीला फोन करून रडत नाही.

मी स्टूल घेऊन माळ्यावरून धोटा काढला. वीतभराहून थोडी मोठी लाकडी होडी म्हणा ना, दोन्ही टोकांना लोखंडाची टोपणं, मधे पोकळी, कडेला एक बारीक भोक. अण्णांनी तो पुसला आणि हातात असा धरला की पंचवीस वर्षं हिशेबाच्या वह्या लिहिणारा हा माणूस मला एकदम अनोळखी वाटला. या पोकळीत कांडी बसते, म्हणाले. कांडीवर सूत गुंडाळलेलं. ताण्याचे उभे धागे पावडी दाबली की खाली-वर होतात, त्यांच्यामधून धोटा या बाजूने फेकायचा, त्या बाजूने पकडायचा, फणी ठोकायची, परत फेकायचा. प्रत्येक खेपेला एक आडवा धागा मागे राहतो. लहानपणी कांड्या भरायचं काम अण्णांचं आणि आजीचं. कांडीवरच्या धाग्याचं टोक भोकातून बाहेर काढायला आजोबा धोट्याला तोंड लावून श्वास आत ओढायचे. (यालाच लँकेशायरच्या गिरण्यांमध्ये 'किसिंग द शटल' म्हणत. ऐकायला रोमँटिक, पण सगळ्यांच्या तोंडाला तोच धोटा, त्यामुळे रोग पसरायचे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने १९११ मध्ये कायद्याने हे बंद केलं.)

डिक्शनरीही अण्णांच्याच बाजूची निघाली. जुन्या इंग्रजीत हा शब्द भाला किंवा बाण अशा फेकायच्या शस्त्रासाठी होता, 'शूट'च्याच घराण्यातला. मग तो विणकराच्या हातात आला आणि तिथे शतकानुशतकं राहिला. गाड्या, बस, यान ही सगळी अलीकडची मंडळी. धोटा इकडून तिकडे जातो म्हणून त्यांनी नाव उचललं. इकडून-तिकडे तेवढं उचललं, कांडी मात्र विसरले.

१७३३ मध्ये जॉन के नावाच्या इंग्रजाने दोरी ओढली की आपोआप पळणारा धोटा काढला, फ्लाइंग शटल. एकटा माणूस रुंद कापड विणू लागला. कारखानदारांनी त्याची युक्ती वापरली, पेटंटचे पैसे मात्र द्यायचे टाळले, वर कोर्टात लढायला आपसात वर्गणी काढून क्लब केला. वाचून मला बिचाऱ्याबद्दल फारच आपुलकी वाटली. आणि आता तर धोट्याचीच गरज उरलेली नाही. इचलकरंजीत 'शटललेस' माग खडखडतायत, आडवा धागा रेपियरच्या पट्टीने किंवा हवेच्या झोताने पार होतो. परभणी जिल्ह्यातला कापूस गाठी होऊन असा बाहेरगावी जातो आणि कापड होऊन रेडिमेडच्या दुकानात परत येतो. जगात जर्मनी, भारतात परभणी असं आम्ही छाती फुगवून सांगतो, पण आमच्याच कापसाचा शर्ट आम्हाला पुण्याहून घ्यावा लागतो.

हे सगळं छान झालं, पण ज्या गोष्टीने मला झोप लागली नाही ती वेगळीच. धोटा परत कापडात गुंडाळताना अण्णा म्हणाले, "कधी कधी कांडी संपायची आन बापाच्या ध्यानात यायचं न्हाई. धोटा पळतच राहायचा. आवाज तोच. खटाक् खटाक्. पण कापड काय पुढं सरकायचं न्हाई."

ते मला काही सुनवत नव्हते. त्यांचा तो स्वभावच नाही. ते त्यांच्या बापाबद्दल बोलत होते. पण मी पडल्या पडल्या गेल्या चार-पाच फेऱ्या आठवायला लागले. येते, अंघोळ करते, लॅपटॉप उघडते, कुठल्या तरी स्पाचा नाहीतर कॅफेचा रिव्ह्यू टाइप करते. जेवताना फोन उलटा ठेवते, तेवढाच काय तो आदर. दुपारी झोप, आणि रविवारी संध्याकाळी 'चला निघते'. मागच्या खेपेला अण्णांनी काहीतरी सांगायला सुरुवात केली होती, शेजारच्यांच्या बोअरबद्दल की कशाबद्दल, आणि मी 'एक मिनिट हं' म्हटलं होतं. ते मिनिट संपलंच नाही. बसचा आवाज तोच, तिकिटाचे पैसे तेच.

रविवारी मी लॅपटॉप उघडला नाही. फार काही ग्रेट केलं असंही नाही. पिठाचे डबे धुतले, आईच्या साड्यांची पेटी पहिल्यांदा उघडली, दोघांनी मिळून. त्यात आजोबांच्या मागावरचं एक लुगडं निघालं. बाजूच्या किनारीत एका जागी धागा चुकलेला होता. अण्णांनी त्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "ही कांडी मी भरली होती. गुंता झाला होता. लई बोलणी खाल्ली." आणि हसले. आई गेल्यानंतर इतकं मोकळं हसताना मी त्यांना पाहिलं नव्हतं.

रात्री ते स्कूटीवरून मला ट्रॅव्हल्सपर्यंत सोडायला आले. बॅगेत ज्वारीचं पीठ, तिळाची चटणी, कुरडया. बस नेहमीप्रमाणे उशिरा. उभ्या उभ्या त्यांनी विचारलं, "पुण्यात चष्म्याची ती मानेत अडकवायची दोरी मिळती का? इथं बरी भेटंना."

"मिळते की. पुढच्या खेपेला आणते."

"म्हणजे महिन्यानं."

"शनिवारी नाही, त्याच्या पुढच्या शनिवारी," मी म्हटलं. "आणि ते बोअरचं काय झालं, तेव्हा अर्धंच राहिलं."

"ते व्हय," म्हणत अण्णांनी स्कूटी स्टँडवर लावली आणि सांगायला सुरुवात केली. बस आली, क्लीनर नावं पुकारायला लागला, तरी ते अजून पहिल्या दीडशे फुटांवरच होते.