ऊन कधीच आलं नाही तर?

दरवर्षी नोव्हेंबरात आपल्या अंबाबाईच्या देवळात किरणोत्सव असतो. मावळतीचे किरण थेट मूर्तीपर्यंत जातात. कधी ढग आडवे येतात आणि लोक हळहळत परततात. अशाच एका ढगाळ संध्याकाळीनंतर चौथीतल्या मुलीने विचारले, "बाई, ऊन कधीच आलं नाही तर आपण जगू?"

"लाईट लावायची की!" मागच्या बाकावरून उत्तर आले.

हसू नका. ही लाईट येते कुठून? राधानगरीला धरणाच्या पाण्यावर वीज होते. पण ते पाणी समुद्रातून उचलून सह्याद्रीवर कोणी नेले? उन्हानेच! दगडी कोळसा म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या झाडांनी साठवलेले ऊन. आणि आपला गूळ? उसाची पाने उन्हात हवा-पाण्यापासून साखर करतात, म्हणून तर गुऱ्हाळे चालतात.

सूर्य विझला, तर ते आपल्याला सुमारे 8 मिनिटांनी कळेल. प्राणवायू लगेच संपणार नाही, तो पुष्कळ वर्षे पुरेल. त्याआधी थंडी आणि भूक गाठेल.

मग कोणीच उरणार नाही? तसेही नाही. तारापूरची वीज अणूतून मिळते. आइसलँडमध्ये जमिनीतल्या उष्णतेवर घरे ऊबदार ठेवतात. ही ऊर्जा काही सूर्याकडून उसनी आणलेली नाही. तिच्यावर दिवे लावून, त्यांच्याखाली भाजीपाला पिकवून थोडी माणसे तग धरतील.

पण थोडीच हं! शिवाय म्हशींना वैरण कुठली? आणि कोल्हापूरकर दुधाशिवाय राहतील, हे काही मला पटत नाही.